हौदाचे दोन नळ

लहानू गुरुजींनी बाकं ओढून चार-चार पोरांची तोंडं एकमेकांकडे वळवली आणि चौघांत मिळून एकच कोरा कागद दिला. प्रश्नपत्रिका मघाचीच होती. तासाभरापूर्वी ती ज्याने त्याने एकट्याने सोडवली होती. आता तीच चौघांनी मिळून सोडवायची.

"बोला आता. एकमेकाले विचारा. पन उत्तर कसं आलं, थे चौघांलेही सांगता आलं पायजे."

पोरं नुसती बघत राहिली, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. बावीस वर्षं ज्या माणसाच्या परीक्षेत टाचणी पडली तरी ऐकू येई, तो आज बोला म्हणत होता. गडचिरोलीच्या प्रशिक्षणात ही टूम कळली तेव्हा खुद्द गुरुजींनीही नाक मुरडलं होतं. पण पाचच मिनिटांत एटापल्लीजवळच्या त्या आश्रमशाळेचा वर्ग आठवडी बाजारासारखा गजबजला. एका हौदाला दोन नळ, एक हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. त्या गणितावर तर भांडणच जुंपलं.

भागीरथा चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बारा वर्षांपूर्वी याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. सातवीच्या वार्षिक परीक्षेत शेजारच्या मैनीशी गोंडीतून कुजबुजताना गुरुजींनी तिला पकडलं आणि पेपर काढून घेतला. ती नापास झाली, बापाने घरी नेलं, पुढच्या उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. तेव्हा गुरुजींना गोंडी येत नव्हती. कुजबुज म्हणजे कॉपी, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

"परीक्षा हाये ना, गुरुजी?"

"हाव."

"मंग हे सारे बोलून काऊन राह्यले?"

"आता असंच हाये. समजावून सांगितलं का दोघांलेही समजते म्हनतात."

तिने चहा टेबलावर ठेवला. पुढच्या बाकावरची एक पोरगी हवेत मूठ फिरवत शेजारणीला गोंडीतून काही सांगत होती. आता गुरुजींना गोंडी कळत होती. ती उत्तर सांगत नव्हती. नळ म्हणजे काय, ते सांगत होती. तिच्या शेजारणीने जन्मात हातपंपच पाहिला होता.

गुरुजींना आठवलं. भागीरथाच्या त्या पेपरातही हौद होता.

"भागीरथा," त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मैनीले काय सांगून राह्यली होती तू?"

"हेच. नळ कसा रायते, थे. मी तलाठ्याच्या घरी पायला होता." ती त्या पोरीच्या मुठीकडे पाहत होती. "उत्तर तर मलेच येत नव्हतं."

"मंग तवाच सांगितलं काऊन नाई?"

"परीक्षा होती ना, गुरुजी. बोलाचं नाई म्हनलं होतं तुमी."

वर्गात एवढा गलका चालला होता, तरी ती हे कुजबुजूनच बोलली. ऐकायला गुरुजींना खाली वाकावं लागलं.