व्हर्लिन आजोबांच्या नाकातला मी

मित्रांनो, मी एक जुना जंतू आहे. अमेरिकेतल्या आयोवात डुकरे सांभाळणाऱ्या व्हर्लिन होकस्ट्रा आजोबांच्या नाकात माझे बिऱ्हाड आहे. आजोबा ठणठणीत आहेत. माझ्यामुळे त्यांना कधी साधी शिंकही आली नाही. तरी मी फार घाबरलेला आहे, आणि मला भीती वाटते ती माझीच.

माझा जन्म एका डुकराच्या नाकपुडीत झाला. लांबच लांब शेड, दाटीवाटीने उभी डुकरे आणि सतत घोंघावणारे पंखे. डुकरे आजारी नव्हती, तरी त्यांच्या खाद्यात रोज चिमूटभर औषध मिसळलेले असे. त्या औषधाने माझे भाऊबंद पटापट मेले. मी कसाबसा तगलो. आज थोडे, उद्या थोडे, असे करता करता ते विष माझ्या अंगवळणी पडले. आम्हा जंतूंत एकाचे दोन होतात आणि दोन्ही मीच असतो, त्यामुळे शिकलेले काही वाया जात नाही. पुढे धुळीबरोबर उडालो तो थेट आजोबांच्या नाकात.

त्या शेडचा नियम मोठा कडक. आत जाताना अंघोळ, बाहेर येताना अंघोळ, कपडेसुद्धा तिथलेच. माणसांचा रोग डुकरांना लागू नये म्हणून ही काळजी! आजोबांच्या बायकोला, आर्डिथ आजींना, त्याचे भारी हसू येई.

"बाई गं, डुकरांसाठी अंगाला साबण चोळता, आणि चर्चला निघताना मात्र मला मागे लागावं लागतं!"

"अगं, डुकरं नाक मुरडतात. तुला सवय झालीय," आजोबा म्हणत.

मी आत निवांत. नाकात साबण कोण लावतो?

मग मारेन जन्मली. आजोबांच्या मुलीची, ट्रूडीची, ही लेक दिवस भरायच्या आधीच आली. दूध ओढायची ताकद नाही म्हणून तिच्या नाकातून पोटात बारीक नळी घातली होती. नळी गालावर चिकटपट्टीने बसवलेली, आणि पट्टीच्या कडेची कोवळी कातडी सोलवटलेली.

एका रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी आणि हॅमचे सँडविच चालले होते. मारेनची रबराची चोखणी फरशीवर पडली. आजोबांनी ती उचलली आणि सरळ स्वतःच्या तोंडात घातली.

"बाबा! अहो, हे काय करताय?" ट्रूडी ओरडली.

"साफ करतोय. आमच्या आईनं आम्हा सगळ्या भावंडांना असंच वाढवलं. एक तरी रडतराऊ निघालं का?"

"पण तुम्ही डुकरांतनं येता ना!"

"अंघोळ करून आलोय, बाई. इथे माझ्याइतका धुतलेला दुसरा कोणी नसेल."

नाकातून घशात उतरलेला मी तेव्हा त्यांच्या जिभेवर होतो. नका हो आजोबा, नका देऊ, असा मी आक्रोश करत होतो. पण माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? चोखणी मारेनच्या तोंडात गेली आणि मीही गेलो. लाळ ओघळली, तसा मी सोललेल्या कातडीत उतरलो. मला तिथे जायचे नव्हते, मित्रांनो. पण ऊब मिळाली की मी वाढतो. मला थांबताच येत नाही.

मारेन तापाने फणफणली. इस्पितळात शिरेतून औषध सुरू झाले, आणि ते माझ्या ओळखीचे निघाले! डुकरांच्या खाद्यातल्या औषधाच्या नात्यातलेच. मला काहीच झाले नाही. मारेन मात्र रडायचीही थांबली.

"हे लागू पडत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग दुसरं द्या ना!" ट्रूडी म्हणाली.

"देतेय. पण त्याच्यापुढे आमच्या हातात फारसं काही उरत नाही."

त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवून तपासणी केली. मी आजोबांच्या नाकात सापडलो.

"पण मी तर अंघोळ करून आलो होतो," आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

नवे औषध फार जहाल होते. मारेनच्या रक्तात मी फुटून फुटून मेलो, आणि खरे सांगतो, मला हायसे वाटले. तिचा ताप उतरला. तिने डोळे उघडले.

"या ना बाबा, घ्या तिला," ट्रूडी म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता.

आजोबा दारातच उभे राहिले. हात पाठीमागे घट्ट बांधलेले.

"नको पोरी. इथनं दिसतेय ती मला."

मित्रांनो, गरज नसताना औषध देऊ नका. माणसाला नको आणि जनावरालाही नको. हे मी माझ्याच मरणासाठी मागतो आहे. कारण मारेनच्या गालावर, पट्टीच्या अगदी कडेला, मी थोडासा अजून जिवंत आहे. तिथवर ते नवे औषध पुरेसे पोहोचत नाही. काल त्याच्या नुसत्या स्पर्शाने माझा जीव जाऊ लागला होता. आज तेवढे दुखले नाही.