ज्यांनी माझा गारवा बंद केला

मी एक जुना डीप फ्रीझर आहे, मित्रांनो. आइस्क्रीमचा नव्हे, सुरतेतल्या एका सरकारी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला, उणे ऐंशी अंशांचा. म्हाताऱ्या वस्तूंनी झालं गेलं विसरावं, असं तुम्हाला वाटत असेल. मी विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मला उचलायला चार माणसं लागली. बोंडे मॅडमनी स्वतः माझं दार पुसलं. डॉ. जयश्री बोंडे मूळच्या भुसावळच्या, सुरतेत शिकवायच्या. सुट्टीच्या दिवशी पलसाण्याच्या कापडगिरण्यांच्या रंगीत नाल्यांत आणि तापीच्या चिखलात बाटल्या बुडवत हिंडायच्या. त्या घाणीत असे विषाणू असतात, जे माणसाला काही करत नाहीत, पण रोगजंतूंना खाऊन टाकतात. कोणता विषाणू कोणत्या जंतूला खातो आणि का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. सापडलेला प्रत्येक विषाणू त्या माझ्या पोटात ठेवत. अनेक वर्षं मी तो ठेवा सांभाळला. बाहेरगावचे शास्त्रज्ञ येत, दार उघडून बघत आणि हळूच लावत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग अनुदान समितीचे अशोक सबनीस आले. माझ्या दारावर त्यांनी बोटांनी टकटक केलं.

“मॅडम, या चिखलातून जनतेला काय मिळणार?”

“आत्ताच सांगता येणार नाही, साहेब. ते कळावं म्हणूनच तर काम चाललंय.”

“सरकारला असं मोघम चालत नाही. काहीतरी उपयोगाचं करा.”

अनुदान थांबलं. माझ्या देखभालीचा करार संपला. मॅडमनी काही काळ पदरमोड केली. पण ऐन मे महिन्यात माझा कॉम्प्रेसर बसला, तेव्हा नवा घ्यायला कुणी मंजुरी देईना. माझ्या पोटात बर्फाचं पाणी झालं आणि वर्षांची मेहनत सडली. मॅडम वास मारणाऱ्या नळ्या एकेक करून बाहेर काढत होत्या. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर माझा राग कदाचित थोडा निवला असता.

मला व्हरांड्यात ढकललं. माझ्यात गणपतीच्या आराशीचं थर्माकोल भरलं. तिथे उभ्या उभ्या मी एकच मागत राहिलो: त्या माणसाला माझी गरज पडू दे.

ती पडली. सबनिसांच्या पत्नीचं, रश्मीताईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जखमेत असा जंतू शिरला की एकही औषध चालेना. डॉक्टरांनीच त्यांना मॅडमचं नाव सांगितलं. सबनीस धावत आले.

“मॅडम, तुमच्या त्या संग्रहात या जंतूवरचा विषाणू होता म्हणे. विशेष परवानगी काढून डॉक्टर तो वापरायला तयार आहेत.”

मॅडम त्यांना माझ्यापाशी घेऊन आल्या. दार उघडलं.

“घ्या. शोधा यात.”

आत थर्माकोलचे मोर होते. सबनीस बघतच राहिले. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला फार बरं वाटलं.

“रश्मी जाईल हो, मॅडम!”

“त्याच रुग्णालयात रंजना नावाची एक बाई आहे. पलसाण्याच्या मिलमध्ये वाफेने पाय भाजला तिचा. तिच्या जखमेतही हाच जंतू शिरलाय. तिचा नवरा काल येऊन गेला. त्यालाही मी हेच दार उघडून दाखवलं.”

मॅडम पुन्हा बाटल्या घेऊन नाल्यांवर गेल्या. जे तयार होतं, ते पहिल्यापासून शोधायचं होतं. आठवड्यांमागून आठवडे गेले. विषाणू सापडला, शुद्ध झाला, रश्मीताई वाचल्या. रंजना त्याआधीच गेली होती.

सबनीस सुरती मिठाईचा, घारीचा, डबा घेऊन आभार मानायला आले, त्या दिवशी मॅडमनी मुद्दाम राघोलाही बोलावून ठेवलं होतं. हा रंजनाचा नवरा, खानदेशातून येऊन भेस्तानला लूमवर काम करणारा. तो माझ्याशेजारी उभा होता.

“मॅडम, आमना टाईमले हाई दवा का बरं नव्हती?” त्याने विचारलं.

मॅडम बाजूला झाल्या. “हे सबनीस साहेब. ते सांगतील.”

“मॅडम, प्लीज...”

“नाही. मी का सांगू? काम मी बंद केलं नव्हतं.”

घारीचा डबा माझ्या डोक्यावर ठेवून सबनिसांनी सांगितलं. आधी ‘समिती’ म्हणाले, मग ‘आम्ही’, आणि शेवटी, राघो नजर हटवेना तेव्हा, ‘मी’.

राघो ओरडला नाही. “मंग आते तरी चालू ऱ्हाई ना?”

“मंजूर करून घेतलंय मी,” सबनीस म्हणाले. “एका वर्षासाठी.”

“आन् मंग?”

सबनिसांनी घारीचा डबा उचलून त्याच्यापुढे धरला. राघो डब्याला हात न लावता निघून गेला.

मित्रांनो, मी लवकरच भंगारात जाईन. तुमच्यातलं कुणी उद्या त्या समितीच्या खुर्चीत बसेल. शोधाला वर्षं लागतात, आणि तितकी वर्षं खर्च सरकारलाच चालू ठेवावा लागतो. ज्यात आज नफा दिसत नाही, त्यात दुसरं कुणी पैसा घालत नाही. तो खर्च चालू ठेवा. नाही ठेवलात, तर राघोसारखा एखादा माणूस तुमच्यासमोर येऊन उभा राहो, आणि तो जाईपर्यंत तुम्हाला मान खाली घालता न येवो.