बाईंना सांगायचं राहिलं

मुख्याध्यापिकाबाईंनी काउंटरवरची गोळ्यांची पिशवी उचलली आणि "मला सगळं कळतं" म्हणत त्या बाहेर पडल्यासुद्धा. काउंटरमागची भाची, सगळ्यांची 'धाकटी', त्यांच्याच शाळेत शिकलेली. फार्मसी पास होऊन मावशीच्या औषधाच्या दुकानात ती नुकतीच लागली होती. बाईंना पाहताच तिची बोबडी वळली.

"सांगितलंस का त्यांना?" मावशीने आतून विचारलं. "नवीन गोळी आहे. आपण स्वतः समजावून सांगायचं, असा कायदाच आहे."

"त्या थांबल्याच नाहीत!"

"मग पळ की! दुकान मी बघते."

धाकटीने पांढऱ्या कोटातच धूम ठोकली. बाई बसमध्ये चढत होत्या. ही मागोमाग चढली, तोच बस सुटली.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "या गोळीने रंग बदलतो."

"गोळीचा?"

"नाही, तुमचा... म्हणजे सकाळी तुम्ही आत जाता ना, तेव्हा..."

"स्पष्ट बोल! पुटपुटायची सवय अजून गेली नाही?"

तो दरारा ऐकून धाकटी ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "लघवी केशरी होईल, बाई! घाबरू नका!"

बसमधल्या सगळ्या माना वळल्या. ड्रायव्हरनेही आरशातून पाहिलं. धाकटीला वाटलं, आता धरणीने पोटात घ्यावं. पण बाईंचे ओठ थरथरले, खांदे गदगदले आणि त्या खो खो हसत सुटल्या. चष्मा घसरून मांडीवर पडला.

"अगं, किती केशरी?"

"संत्र्यासारखी! कपड्यांना डागही पडतात. आणि गोळी जेवणानंतरच घ्यायची."

मग काय, अख्खी बस हसू लागली. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "पोरी, ही गोळी अर्धी तोडली तर चालते का?"

धाकटीने पाकीट नीट वाचलं. "अजिबात नाही, आजोबा. अख्खीच गिळायची."

लगेच चहूकडून हात वर झाले. "एका वेळी एकच!" बाई कडाडल्या. "गोंधळ नको!"

धाकटीच्या अंगात वारं शिरलं होतं. सीटमागून सीट, ती सांगत सुटली. बाईंचा स्टॉप केव्हाच मागे पडला. दोघी शेवटच्या स्टॉपपर्यंत गेल्या.

परतीच्या बसमध्ये मावशीचा फोन आला. "काय गं, सांगितलंस का?"

"बसभर सांगितलं, मावशी!" धाकटी म्हणाली, आणि शेजारी बाईंना पुन्हा हसू फुटलं.