पंप हवा कुठून ओढतो

माझ्याकडे सहा गोल्डफिश होते आणि घरातलं काम संपेपर्यंत ते जगावेत, एवढंच मला हवं होतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडायची, फरशी बदलायची, मग दारांना पॉलिश. हे सगळं नेमकं मला दहा दिवस धारवाडला पेपर तपासायला जायचं होतं तेव्हा आलं. बेळगुंदीचा भरमू गवंडी म्हणाला, "म्याडम, आत्ता न्हाय म्हणालासा तर मग दिवाळीनंतरच बघा." मी तावातावानं चालू कर म्हणाले. माझं असंच होतं, कुणी घाई केली की मी त्याच्याहून जास्त घाई करते.

मासे दुसरीकडे ठेवावेत तर कुठे? ज्या दुकानातून ते आणले तिथला माणूस ठेवून घ्यायला तयार होता, पण त्याच्याच टाकीत दोन माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, म्हणजे पसरणारा रोग. मी तिथूनच मागे फिरले. भरलेली टाकी हलवली तर काच तडकते. तेव्हा मासे हॉलमध्येच राहणार, आणि त्यांच्याभोवती भिंत फुटणार.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला स्वतःवर जरा जास्तच भरवसा. रविवारी अर्धा दिवस खपून मी बंदोबस्त केला. टाकीवर ओली चादर, त्यावर जाड प्लॅस्टिक, कडेनं चिकटपट्टी, पुढे खाणं टाकण्यापुरतं एक झाकण. हवेचा पंप वरच्या फळीवर होता तो तिथेच ठेवला, कारण त्याला पाणी लागून चालत नाही. त्याच्या प्लगवर कागद चिकटवला, "बंद करू नये". खाण्याच्या दहा पुड्या बांधून प्रत्येकीवर तारीख घातली. एवढं झाल्यावर मी आईला बोलावलं.

आई, म्हणजे सोनुबाई, दोन वर्षांपूर्वी निपाणीहून माझ्याकडे आली. चाळीस वर्षं तिनं वखारीत तंबाखू चाळली आणि संध्याकाळी घरी बिड्या वळल्या. माझी फी, माझी पुस्तकं, माझी पदवी सगळं त्या धुळीतून आलं, आणि माझा दमाही. इथं तिला काही काम नाही. दुपारभर ती टाकीसमोर स्टूल टाकून बसते. मासे माझे, पण कोणता कोणाला ढकलतो हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. याचाही मला कधीकधी राग येतो, आता लपवून काय करू.

"रोज एक पुडी. बाकी कशालाही हात लावायचा नाही," मी सांगितलं.

"लावला तर?"

"मरतात."

"बरं." तिनं टाकीभोवती एक फेरी मारली. प्लॅस्टिक चाचपून बघितलं, मग मान वर करून फळीकडे बघत राहिली. "ह्यो पंप वारं कुठनं घेतो गं?"

"आई, तो पंप आहे. पंपासारखा चालतो. तू पुड्यांकडे लक्ष दे."

मी सोमवारी पहाटेची बस धरली.

पहिले तीन दिवस काही बिघडलं नाही. भिंत पडली, राडारोडा निघाला, टाकी शाबूत. मी रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायची आणि आई तेवढंच सांगायची, "खाल्लं त्यांनी." चौथ्या दिवशी फोन तिचाच आला.

"पारू, पंप हलीवला मी."

"काय केलंस?"

"तिथनं काढला आन् मागच्या पडवीत नेला. भरमूनं नळी दिली."

त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की तिनं पंप उपटलाय, प्लॅस्टिक उघडं पडलंय, आणि माझे मासे उलटे होऊन तरंगतायत. मी व्हरांड्यात गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं. चार दिवस एक गोष्ट ऐकता येत नाही. आणि मग, जे एवढी वर्षं कधी बोलले नव्हते ते बोलले.

"तुला धुळीतलं काय कळतं गं? कळलं असतं तर माझी छाती अशी झाली असती का?"

पलीकडे ग्राइंडरचा आवाज येत होता. तो थांबला. मग फोन बंद झाला. मला धाप लागली होती. पर्समधून इनहेलर काढून दोनदा ओढला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

थोड्या वेळानं भरमूला फोन लावला. तो आधी चाचरला.

"म्याडम, चूक माझी हाय. पॉलिशवाला शेवटी यायचा हुता, पण त्याचं दुसरं काम पुढं गेलं म्हणून आजच सकाळी आला. सगळ्या घरात थिनरचा वास. मला काय कळलं न्हाय. मावशी आतनं आल्या, नाक वर करून वास घेतला आन् सरळ टाकीकडं गेल्या. झाकण उघडलं तर मासे वर येऊन तोंडं उघडाय लागलते."

"मग?"

"मग मला म्हणाल्या, भरमू, झाकलंय ते पाणी, पर त्यो वरचा डबा ह्योच वास ओढून आत सोडतोय. बंद करावा तर आत वारं न्हाय. चालू ठेवावा तर ह्यो वास. मग पडवीकडं बोट केलं, तिथनं चांगलं वारं यील म्हणाल्या. पर पंपाची नळी हातभर. शेवटी माझी लेव्हलची नळी घेतली." गवंडी भिंतीची पातळी बघायला पाणी भरून धरतात ती लांब पारदर्शक नळी. "तिच्या तोंडात ही बारीक नळी घातली आन् वरनं बीडीचा दोरा आवळला. असा आवळला म्याडम, फुंकर बी भाईर पडंना. बुडबुडे जरा कमी येत्यात, पर येत्यात. मग पॉलिशवाल्याला हाकलला त्यांनी."

मी फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीवर बसले. पंप हवा ढकलतो, म्हणजे कुठून तरी ती घेतो. हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. माझ्या बंदोबस्तात पाण्याचा, धुळीचा, खाण्याचा विचार होता, हवेचाच नव्हता. आणि आईनं मला विचारलं होतं, साध्या शब्दांत, निघायच्या आधी.

आईचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बेळगावला घरी आले. जीव टांगणीला लागला होता, आणि तो आता माशांसाठी नव्हता. वाटत होतं, ती पिशवी भरून निपाणीला गेली असेल. जायला तिला कुणाची परवानगी नको होती.

ती गेली नव्हती. मागच्या पडवीत चटईवर बसली होती, पंप शेजारी पाटावर घुरघुरत होता. नळी दाराच्या फटीतून आत गेली होती, आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून तिनं दोन्ही बाजूंना विटा लावल्या होत्या. मी आधी हॉलमध्ये जाऊन टाकी बघितली. पाच होते. पाचही तळाशी पोहत होते.

"एक गेला," ती म्हणाली. "मला वास यायला उशीर झाला. कढीलिंबाखाली पुरला."

मी तिच्याजवळ बसले. मग विचारलं, "तुला कसं कळलं गं, की पंपातून जातंय?"

ती नळीकडे बघत होती. "ती चूक मी केलीया," ती म्हणाली. "तू सा म्हैन्यांची हुतीस. वखारीत तुझी झोळी बांधायची मी, आन् वरनं धूळ पडू नये म्हणून वलं लुगडं टाकायची. सगळ्या बायका टाकायच्या. वाटायचं, झाकली म्हंजे झालं. पर झोळी चाळणीच्या वाऱ्यावर हुती. धूळ खालनं उडायची, ती कापडातनं तुझ्या नाकात. तू खोकायचीस तवा मी आनखी एक लुगडं टाकायची. हिकडं तू चादर टाकलीस तवाच मला ती झोळी आठवली. पर तू शिकलेली. म्हटलं, तुला ठाव असंल."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आयुष्यभर मला वाटत आलं की तिला कळलंच नाही. तिला कळलं होतं, उशिरा, आणि तेव्हापासून ती ते एकटीच घेऊन होती.

"आई, फोनवर बोलले ते चुकलं माझं."

"खोटं कुठं बोललीस तू?" ती म्हणाली, अगदी शांतपणे, राग नसलेल्या आवाजात.

मी तिचा हात धरला. तिनं तो बराच वेळ धरू दिला. मग म्हणाली, "सोड आता. भरमूची नळी त्याला धुऊन द्यायची हाय, त्येचं काम खोळंबलंय. तेवढी दुसरी आण बघू बाजारातनं. लांब आण."