छातीवरचं खोटं वय

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, माझ्यात साखर भरतील, फार तर बिस्किटं. नशीब बघा! आले ती थेट विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयात. इथे माणसांचे आजारी अवयव औषधी पाण्यात बुडवून ठेवतात आणि विद्यार्थ्यांना दाखवतात. पहिली दोन वर्षं मात्र मी रिकामीच होते.

खोली थंडगार, म्हणून दुपारच्या सुट्टीत विद्यार्थी इथेच खायला बसत. इथल्या शिपायांना सगळे मामा म्हणतात. ते काणाडोळा करत. एक गोलमटोल, हसरा विद्यार्थी रोज माझ्या फळीला टेकून बसायचा. बर्गर, तळलेल्या बटाट्यांचं पाकीट आणि फसफसणाऱ्या गोड पेयाचा हा मोठा पेला! मामांनाही चार बटाटे द्यायचा. खाता खाता माझ्या झाकणावर बोटं वाजवायचा. टक, टकटक, टक.

एकदा म्हणाला, "मामा, ही बरणी माझ्यासाठी राखून ठेवलीय का?"

मामा पोट धरून हसले.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो धरणावर पोहायला गेला आणि बुडाला. गेला तो पाण्यामुळे, पण शवविच्छेदनात त्याचं यकृत पाहून डॉक्टर चक्रावले. निरोगी यकृत गडद तांबूस असतं. हे पिवळट, फुगलेलं, हाताला तेलकट लागणारं. आईवडिलांनी जड मनानं परवानगी दिली आणि मामांनी ते आपल्या हातानं माझ्यात ठेवलं. बाहेर सांडलेलं पाणी त्यांनी हळूच पुसून काढलं. मग माझ्या छातीवर चिठ्ठी लागली: 'चरबी साठलेलं यकृत. पुरुष. वय २२.'

त्यानंतर माझा फार बोलबाला झाला. माझ्यासमोर जो उभा राहील, त्याचं प्रतिबिंब माझ्या काचेवर पडतं. माझी फळी अशा उंचीवर आहे की आतलं यकृत बरोबर त्याच्या बरगड्यांखाली दिसतं. मग तो चिठ्ठी वाचायचा. चेहरा उतरायचा, आणि पाकीट गुपचूप दप्तरात जायचं.

पुढे नवे प्राध्यापक आले. चिठ्ठी वाचून म्हणाले, "बावीस? काहीतरीच काय! लिहिणाऱ्याची चूक असणार. बासष्ट करा." मामांचे ओठ हलले, पण साहेबांपुढे बोलायची सवय नव्हती. त्यांनीच नवी चिठ्ठी लिहून जुनीवर चिकटवली.

तेव्हापासून कुणाचाच चेहरा उतरेना. "म्हातारबुवांचं आहे," म्हणत मुलं माझ्यासमोरच ताव मारू लागली. मी धूळ खात पडले. मला फार वाईट वाटायचं. कधी कधी, खोलीत कुणी नसताना, आतून बोटं वाजल्यासारखी वाटायची. बरणीला भास होतात का, मला ठाऊक नाही.

यंदा मामांची मुलगी चिऊ विद्यापीठात शिकायला आली. आईनं दिलेला डबा मैत्रिणींना वाटून टाकायची आणि दुपारी इथे बसून बर्गर खायची. परवा विद्यार्थ्यांच्या तपासणीत तिची सोनोग्राफी झाली. यकृतात चरबी निघाली. मामांची झोप उडाली, हिला काहीच नाही.

"बाबा, एवढं काय घेऊन बसलात? डॉक्टर म्हणाल्या ना, खाणं सुधारलं, रोज चाललं, तर सगळं पहिल्यासारखं होईल."

"मग सुधार की!"

"परीक्षा झाली की बघू. या आजोबांना बघा, बासष्टपर्यंत चाललं त्यांचं. मला अजून चाळीस वर्षं आहेत!"

असं म्हणून तिनं माझ्या झाकणावर बोटं वाजवली. टक, टकटक, टक.

मामांच्या हातातलं ओलं फडकं गळून पडलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. इथे बसलं की बोटं आपोआप वाजतात."

मामा पांढरेफटक पडले. त्यांनी फडकं उचललं, माझी चिठ्ठी भिजवली आणि नखानं सोलून काढली. खालून जुनी चिठ्ठी वर आली.

"बावीस?" चिऊ म्हणाली.

"बावीसच. खोटं वय मी चिकटवलं, माझ्या हातानं. तो इथेच बसायचा गं. तू बसतेस ना, तिथेच."

चिऊ झटकन उठली. तिचं प्रतिबिंब माझ्यावर पडलं आणि ते पिवळं यकृत तिच्या बरगड्यांखाली येऊन बसलं. ती डावीकडे सरकली, तरी ते काही क्षण तिच्याबरोबर सरकल्यासारखं वाटलं. तिनं कुशीवर हात दाबून धरला. अर्धा बर्गर कागदात गुंडाळला.

"बाबा," ती बारीक आवाजात म्हणाली, "तुमच्या डब्यातलं थोडं द्याल?"

मामांनी सगळाच डबा पुढे केला.

आता माझ्या छातीवर खरं वय आहे. मित्रांनो, यकृत फार सोशिक असतं. ते दुखत नाही, कुरकुरत नाही, म्हणून त्याला गृहीत धरू नका. वेळेवर जपलंत तर ते सावरतं. माझ्यातलं आता सावरणार नाही.

कालच माझ्या शेजारी एक नवी बरणी आणून ठेवलीय. बिचारीला वाटतंय, साखर भरतील. मी तिला काही सांगितलं नाही. ती कायम रिकामी राहावी, एवढंच माझं मागणं आहे.

पण आज दुपारी तिच्या झाकणावर कुणीतरी बोटं वाजवली. ते तुम्ही तर नव्हता ना?