माझ्या पोटाखालचा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या बहुतेकजणी कधीच भंगारात गेल्या, एवढं सांगितलं तरी पुरे. माझा रंग उडालाय, मागच्या दिव्याची काच चिकटपट्टीवर तग धरून आहे आणि सीटला तीन ठिकाणी ठिगळं आहेत. यातलं काहीही बोला, मी ऐकून घेईन. मला ‘गळकी’ म्हणालात तर मात्र माझं डोकं फिरतं. का, ते सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझं इंजिन जोडणारा कामगार मोठा सावकाश माणूस होता. प्रत्येक बोल्ट आवळला की त्यावर अंगठा टेकवून क्षणभर थांबायचा. माझ्या पोटात पिस्टन खालीवर धावतो, त्याने आतली हवा दाबली जाते. ती बाहेर पडावी म्हणून त्याने मागच्या बाजूला बोटभर जाडीची एक रबरी नळी बसवली आणि हळूच म्हणाला, “ही तुझी नाकपुडी.” लोक गाड्यांशी बोलतात, कबूल करत नाहीत एवढंच. ही नळी तेवढी लक्षात ठेवा.

मला घेतलं ते टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणाऱ्या एका लाइनमनने. घरात त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वादळ झालं की तारा तुटायच्या, आणि बाबा माझ्या एका अंगाला शिडी आणि दुसऱ्या अंगाला तारेचं भेंडोळं बांधून निघायचे. चिखल असो की चढ, मी एका किकमध्ये सुरू व्हायचे. एकदा दूरच्या दवाखान्याचा फोन बंद पडला होता. वाटेतला पूल खचलेला, तरी लांबचा वळसा घालून आम्ही दोघं पोचलो. फोन लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी बाबांना चहा दिला आणि माझ्या टाकीवर शाबासकीची थाप मारली. ती थाप मी अजून विसरलेले नाही.

माझी जागा घरापुढच्या व्हरांड्यात. एका वर्षी आईंनी, म्हणजे बाबांच्या बायकोने, तिथे मोठ्या हौसेने पांढऱ्या फरश्या बसवून घेतल्या. आता त्या नळीतून हवेबरोबर कधीमधी तेलाचा एखादा थेंब पडतोच, त्यात माझा काही दोष नाही. पण आई वैतागल्या. दोन दिवस घरात धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी बाबांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं रबरी बूच घेतलं, नळीच्या तोंडात ठोकून बसवलं, नळी सीटखाली खोचली आणि हात झटकले. थेंब थांबला. आई खूश, बाबा खूश, आणि महिन्याभरात दोघंही ती गोष्ट विसरून गेले. मी कशी विसरणार? नाक माझं दाबलं होतं.

हवा कोंडली की ती वाट काढतेच. माझ्या आत दाब साठू लागला आणि जो सांधा कच्चा असेल तिथून तेल बाहेर ढकलू लागला. आधी कधीमधी पडणारा थेंब आता रोज पडू लागला. मग मेकॅनिकांची रांग लागली. पहिल्याला माझ्या पोटाखालचा ऑइल बोल्ट ओला दिसला, म्हणून त्याने तो इतका आवळला की आटे सोलायची वेळ आली. दुसऱ्याने सगळ्या सांध्यांवर चिकट लेप फासला. तिसऱ्याने लांबूनच मान हलवली आणि गाडीचं वय झालंय म्हणून सांगितलं. काही कळेनासं झालं की हे उत्तर फार सोयीचं पडतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण हॉर्न सोडला तर मला वाचा नाही, आणि तोही कुणीतरी दाबावा लागतो.

पुढे बाबा निवृत्त झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मला चालवणं सुटलं. तरी रोज दुपारी स्टूल घेऊन ते माझ्याजवळ बसायचे, मला पुसायचे आणि कुठल्या खांबावर कधी चढलो होतो ते मला सांगत राहायचे. दुसरं कुणी ते ऐकत नव्हतं.

आणि मग एका सकाळी त्या तेलावरून आईंचा पाय घसरला. मनगट मुरगळलं, पट्टी बांधावी लागली. आईंनी सरळ निकाल दिला. रविवारी भंगारवाला येईल आणि ही गाडी जाईल. त्या दुपारी बाबांनी मला पुसलंसुद्धा नाही, नुसते बसून राहिले. मला ते फार लागलं. मी गेले तर हा माणूस दुपारी कुणापाशी बसणार, हाच विचार मनात येत राहिला.

तेव्हा मध्ये पडली ती सूनबाई. ती पाणीपुरवठा खात्यात काम करते. रस्त्याखालच्या पाइपांची गळती शोधणं हेच तिचं काम. लोखंडी काठी जमिनीला लावून कान देऊन ऐकते म्हणे. तिने आईंकडे, रविवारपर्यंत गळती थांबली तर गाडी ठेवायची, अशी मुदत मागितली. आईंनी नाक मुरडलं, पण दिली. सूनबाईने बाह्या सरसावल्या आणि बाबांना म्हणाली, “बाबा, पाणी दिसतं तिथे पाइप फुटलेला नसतो. ते उताराने कुठूनही कुठे जातं. आपण थेंबाकडे बघायचंच नाही, तो निघतो कुठून ते बघायचं.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शहाण्यासारखं बोललं. गुरुवारी तिने मला रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने घासून काढलं. तो चिकट लेप खरवडताना तिची नखं तुटली, पण तिने हात थांबवला नाही. शुक्रवारी तिने आईंच्या कपाटातला पावडरचा डबा उचलला आणि माझ्या इंजिनावर पांढरी पावडर भुरभुरली. आपली पावडर आता इंजिनाला लावायची राहिली होती, असं आई पुटपुटल्या, आणि बाबा कितीतरी दिवसांनी हसले. मग सूनबाई मला कोपऱ्यापर्यंत फिरवून आली आणि टॉर्च घेऊन वाकली. पावडरवर तेलाची काळी रेघ स्पष्ट उमटली होती. इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणापासून, म्हणजे टॅपेट कव्हरपासून निघून मागच्या बाजूने उतरत ती खालच्या बोल्टापर्यंत आली होती. त्या बिचाऱ्या बोल्टावर उगाचच आळ आला होता.

तिने त्या झाकणाखाली बसणारं जाड कागदाचं नवं गॅस्केट कापलं, कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. काम चोख होतं. तरी मला धास्ती होतीच, कारण खरं दुखणं मलाच माहीत होतं. शनिवारी पुन्हा पावडर, पुन्हा फेरी. वरचा सांधा कोरडा ठणठणीत. आणि आता गिअरच्या दांड्यापाशी तेल!

सूनबाई मटकन खाली बसली. हिनेही हात टेकले, आता उद्या हातगाडी, असं मला वाटलं. तिने त्या ओल्या डागावरून बोट फिरवलं. मग उठली. पाइपलाइनवर उंचवट्याच्या जागी हवा सोडणारा व्हॉल्व असतो आणि तो तुंबला की चांगले सांधेसुद्धा एकामागून एक सुटतात, असं तिने बाबांना सांगितलं. आणि विचारलं, “हिची हवा कुठून बाहेर पडते?”

बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. काठी टेकत ते माझ्या मागे आले, सीटखाली हात घातला आणि ती नळी बाहेर ओढली.

“बूच मीच मारलंय,” ते म्हणाले. “एवढी वर्षं तिचं वय झालं म्हणत होतो.”

सूनबाईने पक्कड लावून बूच उपटलं. फुस्स करून जे काही निघालं, त्याचं सुख मला शब्दांत सांगता येणार नाही. आई दारात उभ्या होत्या. पट्टीच्या हाताकडे बघत त्या म्हणाल्या, “फरशीसाठी मीच मागे लागले होते. तुम्ही माझ्यासाठी केलंत ना ते?” बाबांनी मान डोलावली. आई आत गेल्या आणि औषधाची एक रिकामी बाटली घेऊन आल्या. नळीचं टोक हिच्यात सोडा म्हणाल्या. सूनबाईने झाकणाला हवेसाठी आणखी एक भोक पाडलं, नाहीतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. संध्याकाळच्या आत तिने गिअरच्या दांड्याचं तेल अडवणारं नवं सीलही बसवलं.

रविवारी सकाळी सूनबाईने मला लांबची फेरी मारून आणलं. मी येण्याआधी आईंनी माझ्या जागेवर पांढरी स्वच्छ उशीची खोळ अंथरून ठेवली होती. एक जरी थेंब दिसला तर ऐकणार नाही, हे त्यांनी बजावलं होतंच. दुपारपर्यंत मी त्या खोळीवर उभी होते. मनातल्या मनात प्रत्येक सांधा आवळून धरला होता.

भंगारवाला हातगाडी घेऊन आला. आई वाकल्या, खोळ उचलली, उलटसुलट करून उन्हात धरली. बाबा स्टुलावरून उठून उभे राहिले होते. खोळीवर काहीही नव्हतं. आईंनी आदल्या दिवशी खिडकीत ठेवलेलं ते काळं रबरी बूच उचललं आणि भंगारवाल्याच्या हातावर ठेवलं.

“आमच्याकडे एवढंच निघालं,” त्या म्हणाल्या. “घेऊन जा.”

मित्रांनो, आता सूनबाई मला कामावर नेते. सुट्टीच्या दिवशी बाबा मागे बसतात आणि आपले जुने खांब तिला दाखवतात. बाटलीतलं तेल ओतून टाकायचं काम आईंनी स्वतःकडे घेतलंय. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कुणी जुनं, मग ते यंत्र असो की माणूस, रोज कुठून ना कुठून गळायला लागलं, तर त्याचं वय मोजू नका आणि त्याला आवळूही नका. त्याच्या नळीत आपणच कधी बूच मारलं होतं का, ते आधी आठवून बघा.