माझ्या आत सुजलेला अंगठा

मित्रांनो, मी यष्टिरक्षकाच्या उजव्या हाताचा एक जुना ग्लोव्ह आहे. जन्म कारखान्यातला, आयुष्य गेलं सेलूच्या मैदानावर, अंजूच्या हातात. मी तिला पहिल्यापासून घट्टच होतो. झेल तिच्या नावावर जायचे, वास माझ्या नावावर.

त्या सकाळी झेलासाठी झेपावताना अंजूचा अंगठा जमिनीत रुतला आणि मागे वळला. आत काहीतरी तुटल्यासारखं मला जाणवलं. जिल्हा संघाची निवड परवावर आलेली, म्हणून तिनं मला काढलंच नाही. अंगठा फुगत गेला, मी घाबरत गेलो.

मैदान सांभाळणारे तानबाकाका धावत आले.

"आन वं माय, एक झटका देतो. जाग्यावर बसते."

"राहू द्या ना, काका! काहीच नाई झालं मले."

काकांनी आजवर बरीच बोटं ओढून बरी केली होती. ती बोटं पुढे खेळताना मात्र मला दिसली नाहीत. ते आधी मला काढायला गेले. अंजू किंचाळली. मी निघालो नाही. घट्ट असल्याचा अभिमान मला तेव्हा पहिल्यांदा वाटला.

किंचाळीनं काकाच गारठले आणि तिला गाडीवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर जागृती मॅडमनी कात्री उचलली.

"कापू नका, मॅडम! परवा घालायचा हाये."

"ग्लोव्ह दुकानात मिळतो गं. अंगठा नाही मिळत."

कापलेला मी टेबलावरून पाहत होतो. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. मग मॅडमनी तिचा चांगला अंगठा हलकेच बाजूला वाकवून पाहिला, नंतर सुजलेला धरला. तो वाकताना कुठे अडला नाही, तर हाडांना जोडणारा आतला बंध पूर्ण तुटलेला असणार, म्हणजे ऑपरेशन, असं त्या म्हणाल्या. अंजूनं डोळे मिटले. मला ती सोय नाही. अंगठा वाकला, आणखी थोडा वाकला... आणि अडला.

"अर्धवट फाटलाय. सहा आठवडे पट्टी, खेळ बंद. काका, तुम्ही ओढला असता तर उरलेलाही गेला असता."

"मॅडम," काका हळूच म्हणाले, "म्या तं गावातल्या अर्ध्या पोराईचे ओढले."

मॅडमनी पट्टी बांधायला घेतली. अंजू मात्र निवडीसाठी खूप रडली.

म्हणून विनवतो, मित्रांनो. बोट दुखावलं की सूज चढायच्या आत मला काढा, बर्फ लावा, डॉक्टरांना दाखवा. निवड पुढच्या वर्षी पुन्हा येईल. पेनही धरता न येणारा अंगठा जन्मभर सोबत राहील. आणि ओढायला कोणी धावून आलं, तर हात पाठीमागे घ्या. काका असले तरी.